थांबे : शून्य

माझ्या ताईला अख्खा डेपो ‘तीनप्रती’ म्हणतो. तोंडावर ‘ताई’, पाठ वळली की ‘तीनप्रती’. तिला ते माहीत आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. राजधानीतल्या कार्यालयाला प्रत्येक कागद तीन प्रतींत लागतो, आणि आमच्या शहराच्या बससेवेचे सगळे कागद गेली एकतीस वर्षं ताईच्या हाताखालून जातात, म्हणून हे नाव. किराण्याची यादीसुद्धा ती तीन प्रतींत करते असं लोक सांगतात. ते खोटं आहे. यादीची ती एकच जादा प्रत काढते आणि माझ्या खिशात कोंबते, कारण मी निम्म्या वस्तू विसरून येतो.

मी त्याच डेपोत मिस्त्री. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बस चालवतात. एका घरातले तिघं एका डेपोत, त्यामुळे लोक म्हणतात की यांनी डेपो घरी नेला. खरं तर घरच डेपोत गेलंय. आमच्याकडे जेवताना क्लचप्लेटवर बोलणं होतं.

हे लिहायला बसलो त्याचं कारण मागच्या महिन्यात वर्तमानपत्रात आलेल्या दोन ओळी : ‘बससेवांसाठीच्या अनुदान अर्जाचा नमुना केंद्राने सोपा केला.’ केंद्राने म्हणे. मला राग लवकर येतो हे मी मान्य करतो, पण त्या दिवशी आलेला अजून उतरलेला नाही. नमुना कोणी सोपा केला ते मला माहीत आहे. मी तिथे होतो. गाडीखाली होतो, पण होतो.

आमच्या डेपोत नऊ बस आहेत. त्यातली सात नंबर बाजारातून निघते, पाण्याच्या टाकीला वळसा घालते आणि चौदा किलोमीटर चढून वरच्या वस्तीला जाते. या रस्त्यावर थांबा नाही. कधीच नव्हता. हात दाखवाल तिथे बस थांबते. लोकांची घरं एका रांगेत नाहीत, कोणी उतारावर, कोणी ओढ्यापलीकडे, त्यामुळे जो जिथून रस्त्याला लागतो तिथून हात करतो. भाऊजी कुरकुर करतात, पण थांबतात.

या रस्त्याच्या मधोमध, मोठ्या वळणाच्या वर, एका एकट्या घरात वेतवाले काका राहतात. काकांना जन्मापासून दिसत नाही. बाजारातल्या फर्निचरच्या दुकानात ते खुर्च्यांना वेत विणतात, आणि त्यांनी विणलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस दुसरीकडे बसताना नाक मुरडतो. सकाळी ते काठी टेकत रस्त्याला येतात. कधी वीस पावलं वर निघतात, कधी खाली. जुन्या सात नंबरमध्ये कंडक्टरची पितळी घंटा दोरीला टांगलेली होती, आणि ती बस इतकी हादरायची की घंटा आपली आपणच वाजायची. ती कानावर आली की काका हात वर करायचे. चाळीस वर्षांत त्यांची एकदाही बस चुकली नव्हती, आणि हे ते मला दर आठवड्याला सांगायचे.

त्या सात नंबरची मुदत संपत आली होती. गाडी रस्त्यावर चालवण्याचा जो दाखला असतो तो पुढे वाढवून मिळणार नव्हता. का मिळणार नव्हता ते मिस्त्री म्हणून मला चांगलं ठाऊक होतं. पुढचा बंपर मी तारेनं बांधला होता आणि ती तारही जुनी झाली होती. जादा बस डेपोत नव्हती. नवी आली नाही तर वरचा रस्ता बंद होणार होता, आणि काका घरी बसणार होते. सात किलोमीटरचा उतार, एका बाजूला दरी, हातात काठी. बाकीचे कसेतरी करून खाली आले असते. काका आले नसते.

नवी बस केंद्राच्या अनुदानातून मिळायची. अर्ज ताईनं तीन वर्षं आधी पाठवला होता. पहिल्यांदा तो परत आला, कारण टाचणी उजव्या कोपऱ्यात होती, डाव्या हवी. दुसऱ्यांदा परत आला, कारण आमच्या साहेबांची सही निळ्या शाईत होती. तिसऱ्यांदा शेरा आला की बसच्या छायाचित्रात अनोळखी व्यक्तीचा हात दिसतो. तो हात माझा होता. मी बंपर धरून उभा होतो, सोडला असता तर छायाचित्रात बंपर आला नसता. चौथ्या वेळी सगळं बरोबर होतं, पण तोवर त्यांनी अर्जाचा नमुनाच बदलला होता. दर खेपेला सहा-सात महिने जायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताई आवक रजिस्टरात नोंद करायची, चष्मा पुसायची आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा सुरुवात करायची.

“तुला राग कसा येत नाही?” मी एकदा विचारलं.

“येतो. पण तुझ्यासारखा वाया घालवत नाही.”

पाचव्या वेळी जो शेरा आला तो मला पाठ आहे. नव्या नमुन्यात अकरावा रकाना होता, ‘मार्गावरील थांब्यांची संख्या’. ताईनं जे खरं ते लिहिलं होतं : शून्य. त्यावर शेरा : ‘शून्य थांबे असलेली बससेवा अस्तित्वात असू शकत नाही. थांब्यांची खरी संख्या कळवावी व प्रत्येक थांब्याचे पत्रक क्रमांक नऊ तीन प्रतींत जोडावे. तसेच जुन्या वाहनाची अवस्था छायाचित्रांवरून स्पष्ट होत नाही.’ अस्तित्वात नसलेल्या बसचं ऑइल मी त्या दिवशी सकाळीच बदललं होतं.

दाखल्याची मुदत संपायला तेव्हा सात महिने उरले होते. आमचे साहेब तसे भले गृहस्थ. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. त्यांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. मी पंखा दुरुस्त करत स्टुलावर उभा होतो.

“ताई, बारा लिहून टाका,” साहेब म्हणाले. “बारा हा आकडा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.”

“कुठले बारा, साहेब?”

“कुठलेही. टाकी, वळण, शाळा. तिथे बसून कोण बघायला येतंय?”

“बारा लिहिले की बारा खांब उभे करावे लागतील. खांब उभे राहिले की खांब सोडून गाडी थांबवली तर ड्रायव्हरला दंड. ते कलम मीच टाइप केलंय.”

“मग लोक खांबापाशी जाऊन उभे राहतील. सगळीकडे राहतात.”

“वेतवाल्या काकांना खांब दिसणार आहे का?”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. मी स्क्रू शोधू लागलो.

“एका माणसापायी बस घालवायची का, ताई?”

“एका माणसाला सोडून आणायची असेल तर ती सात नंबर नाही. मी खोटा आकडा लिहिणार नाही. त्यांनी खरी संख्या मागितली आहे. देते.”

इथे ताईचं लहानपणचं एक सांगायला हवं. चौथीत असताना ती एक दिवस शाळेत गेली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी गैरहजेरीचं कारण लेखी मागितलं. ताप आला होता असं लिही, म्हणून आईनं चार वेळा सांगितलं. हिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘काल मला शाळेत यायचा कंटाळा आला होता.’ छड्या खाल्ल्या, पण कारण बदललं नाही. आई म्हणायची, या पोरीच्या हातात लेखणी दिली की आपली अब्रू हिच्या हातात.

दुसऱ्या दिवसापासून ताई सकाळच्या पहिल्या फेरीला भाऊजींच्या मागच्या सीटवर जाऊन बसू लागली, मांडीवर वही. जिथे हात वर झाला तिथे बस थांबली की ती नोंद करायची. महिनाभर, जाताना आणि येताना. भाऊजींची पंचाईत झाली. बायको पाठीशी बसल्यामुळे त्यांना कोणाला शिवी देता येईना.

“अहो, टाकीपाशी आज दोनदा थांबलात. ते दोन थांबे की एक?”

“एकाच घरातल्या दोघी आहेत त्या. एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून वीस पावलं सोडून उभ्या राहतात.”

“म्हणजे दोन.”

महिन्याच्या शेवटी आकडा निघाला दोनशे अडतीस. त्यात ‘लोहाराचे मागचे दार’ होतं, ‘जिथे पूर्वी भिंत होती ती जागा’ होती, ‘थोरल्या जावेचा थांबा’ आणि ‘धाकट्या जावेचा थांबा’ असे वेगवेगळे होते. सदतिसावा होता, ‘वेतवाले काका उभे असतील ते ठिकाण’.

दोनशे अडतीस थांबे, प्रत्येकाचं पत्रक नऊ, तीन प्रतींत. सातशे चौदा कागद. मला वाटलं आता तरी ताई हात टेकेल. तिनं कोरी पत्रकं बसमध्ये आणली आणि ज्याचा थांबा त्याच्याच हातात दिली. येता-जाता लोक आपापला थांबा भरू लागले. दोघी जावांनी एकमेकींचं पत्रक चोरून वाचलं आणि त्या निमित्तानं सहा वर्षांनी पहिल्यांदा भांडल्या. निदान बोलल्या तरी. ‘थांब्यालगतच्या जमिनीचे स्वरूप’ या रकान्यात एका म्हाताऱ्यानं लिहिलं, ‘गुडघेदुखी असेल तर अवघड.’ ताईनं ते तसंच राहू दिलं. काकांचं पत्रक तिनं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यांनी अंगठ्याऐवजी ठसठशीत सही केली. त्यांना सही येते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

“एवढे कागद पोस्टानं पाठवलेस तर गहाळ होतील,” मी म्हणालो.

“पोस्टानं कशाला? जुन्या वाहनाची अवस्था स्पष्ट होत नाही असं त्यांनीच लिहिलंय. वाहनच नेऊ.”

साहेबांनी परवानगीवर सही केली. काळ्या शाईत. मला वाटतं त्या दिवशी त्यांनाही जरा चेव आला होता.

बस राजधानीला न्यायची म्हणजे त्या दिवशी वरच्या रस्त्याला फेरी नाही. सकाळी आम्ही निघायला लागलो तर गाडी भरलेली. लोकांचं म्हणणं सरळ होतं : बस नाही म्हणजे कामाला जाता येत नाही, आणि घरी बसून करायचं काय? काका पुढच्या सीटवर, मांडीवर सातशे चौदा कागदांचं गाठोडं. पाच तास घंटा वाजत होती. तिसऱ्या तासाला भाऊजींनी ती काढून ठेवायला सांगितली, पण काका म्हणाले, ती वाजते आहे तोवर मला कळतं की मी बसमध्ये आहे.

राजधानीतल्या त्या इमारतीच्या फाटकात सात नंबर बंद पडली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मागे मोठ्या साहेब लोकांच्या गाड्या, पुढेही. मी पाना घेऊन खाली शिरलो. ती आपणहून बंद पडली की मी पाडली, हे ताईनं मला आजवर विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तिला ते कुठेतरी लिहावं लागलं असतं.

वर काय झालं ते मला भाऊजींनी सांगितलं. आवक खिडकीवर पाटी होती, ‘प्रत्येक कागदाची पोच त्याच दिवशी मिळेल.’ ताईनं पाटीकडे बोट दाखवलं आणि गाठोडं खिडकीत ठेवलं. खिडकीतला कारकून एकेक पत्रक वाचून शिक्का मारू लागला. दीडशेच्या सुमाराला त्याच्या पॅडची शाई संपली. आज इतकंच, तो म्हणाला. ताईनं पर्समधून स्वतःचा पॅड काढून दिला. मागे रांगेत आमची तीस माणसं उभी होती, आपापला थांबा कधी येतो ते बघत.

शेवटी खालच्या फाटकाची आणि वरच्या खिडकीची अशा दोन तक्रारी एकदम गेल्या म्हणून त्या विभागाच्या मुख्य बाई स्वतः बाहेर आल्या. गळ्यात चष्मा, चेहऱ्यावर आठ्या. त्यांनी वरचं एक पत्रक उचललं.

“थांबा क्रमांक सदतीस. वेतवाले काका उभे असतील ते ठिकाण. म्हणजे नक्की कुठे?”

“ते उभे असतील तिथे,” ताई म्हणाली.

“आत्ता कुठे उभे आहेत?”

“तुमच्या मागे, बाई. जिन्यापाशी.”

काकांनी आवाजाच्या दिशेनं हात वर केला. भाऊजी सांगतात की सवयीनं त्यांचा पाय ब्रेक शोधू लागला.

बाईंनी सगळा गठ्ठा चाळला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “एक आकडा टाकला असता तर इतका त्रास झाला नसता. बाकीच्या गावांनी टाकले आहेत.”

“माहीत आहे. त्यांचे खांब कागदावर आहेत आणि माणसं उन्हात. तुमच्या टाचणी, शाई आणि रकान्यांपायी तीन वर्षं आमची गाडी तारेनं बांधून चालते आहे. मी शून्य लिहिलं ते खरं होतं. तुम्ही म्हणालात असं असूच शकत नाही. खाली फाटकात उभं आहे ते काय आहे मग?”

बाई खिडकीशी गेल्या. खाली सात नंबर होती, तिच्याखालून माझे पाय बाहेर आले होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. अवस्था स्पष्ट झाली असावी.

“हे सातशे कागद ठेवायला माझ्याकडे कपाट नाही,” त्या म्हणाल्या. “परत न्या. मी शून्य मान्य करते.”

“लेखी द्या.”

बाईंनी तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर, अर्जाच्या समासात लिहिलं : ‘थांबे शून्य. हात दाखवल्यावर थांबणारी सेवा. मान्य.’ ताईनं ते वाचलं आणि म्हणाली, “आता पुढच्यांसाठी रकाना करा. मी आज तीस माणसं घेऊन आले, प्रत्येक गावाला ते जमणार नाही.” जाताना बाई एक कोरं पत्रक नऊ सोबत घेऊन गेल्या. फाटकातली गाडी पुढच्या दहा मिनिटांत सुरू झाली.

पुढच्या वर्षीच्या नमुन्यात अकराव्या रकान्याखाली एक चौकोन होता, ‘निश्चित थांबे नसल्यास येथे खूण करावी’. पत्रक नऊ बंद झालं. अर्जाची एकच प्रत लागू लागली. तीच ती वर्तमानपत्रातली बातमी. ताईला एवढंच म्हणायचं होतं की चौकोन फार लहान आहे, खूण बाहेर जाते.

नवी बस दाखल्याची मुदत संपायच्या नऊ दिवस आधी आली. विजेवर चालणारी, पांढरीशुभ्र. बंपरसकट. पहिल्या फेरीला आम्ही तिघंही गेलो. वळण आलं तेव्हा काका रस्त्याच्या कडेला उभे होते, मान थोडी तिरकी, कान उताराकडे. भाऊजींनी वेग कमी केला, हात वर होण्याची वाट पाहिली. हात वर झाला नाही. गाडी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली तरी ते तसेच उभे होते.

“काका,” ताईनं दारातून हाक मारली.

काका दचकले. “तू पायी कुठे निघालीस, पोरी?”

“पायी नाही. बस आहे.”

काकांनी काठी पुढे केली. काठी दाराच्या पायरीला लागली. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, इकडून तिकडे. “ही ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “आज तुम्ही होतात. उद्या दुसरा ड्रायव्हर आला तर?” तीन वर्षं ज्यांच्यासाठी ती कागदांशी भांडली, त्यांच्यासमोरून ही बस खुशाल निघून जाऊ शकत होती, आणि कोणत्याही रकान्यानं तिला याबद्दल विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पाहिले.

मी कोणाला काही विचारलं नाही. डेपोत गेलो, भंगारात काढलेल्या सात नंबरमधून पितळी घंटा सोडवली. नव्या बसमध्ये आत टांगून पाहिली, पण ती गाडी हादरतच नाही, घंटा मख्खासारखी लटकत राहिली. मग पुढच्या चाकामागच्या पट्टीला बांधली. तिथे ती वाजते, खड्डा असो नसो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी वळणावर आरशातून मला फक्त मान हलवून दाखवली. काकांचा हात आम्ही दिसायच्या आधीच वर होता.

संध्याकाळी ताई गाडी ताब्यात घेतल्याचा नमुना भरत बसली होती. तीन प्रतींत. सतरावा रकाना, ‘वाहनाच्या मूळ रचनेत काही फेरफार केला आहे काय? असल्यास कारण.’ खाली बारीक अक्षरात होतं की विनापरवाना फेरफार केल्यास अनुदानाचा फेरविचार होऊ शकतो. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते.

“नाही लिहा, ताई. घंटा तर आहे. तिथे वाकून कोण बघणार?”

ताईनं चष्मा पुसला. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘होय. वेतवाल्या काकांना बस ऐकू येत नव्हती, म्हणून घंटा बांधली आहे. काढली जाणार नाही.’

“निदान शेवटचं वाक्य तरी खोडा,” साहेब म्हणाले.

“खाडाखोड केलेला अर्ज ते परत पाठवतात,” ताई म्हणाली, आणि डाव्या कोपऱ्यात टाचणी लावली.

या गोष्टीला सात महिने झाले. उत्तर अजून आलेलं नाही. घंटा रोज वाजते.